पीएमसोबत काम कसं करावं: सोलापुरात बसून प्रॉडक्ट बनवणाऱ्या इंजिनिअरांसाठी

सोलापुरात इंजिनिअरिंग करून पुण्याला गेलेली बरीच मुलं २०२० नंतर घरी परतली आणि इथूनच काम करू लागली. कुणी जुळे सोलापुरात, कुणी होटगी रोडला, घरातल्या एका खोलीत टेबल टाकून बेंगळुरूच्या कंपनीचं काम करतं. शिवाय गावातच टॉवेल-चादरीचे कारखाने, साखर कारखाने, दवाखाने यांच्यासाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या छोट्या कंपन्या आहेत. दोन्हीकडच्या इंजिनिअरांशी बोललं की एक तक्रार हटकून येते: पीएमचं (प्रॉडक्ट मॅनेजरचं) आणि आमचं जमत नाही. रिक्वायरमेंट अर्धवट येते, तारीख आधीच ठरलेली असते, आणि निम्मं काम झाल्यावर सगळं बदलतं.

यातलं बरंचसं इंजिनिअरला आपल्या बाजूने सुधारता येतं, असं माझं ठाम मत आहे. सगळ्यात जास्त फरक एका सवयीने पडतो. पीएमकडून तयार फीचर घेण्याऐवजी त्यामागची अडचण समजून घ्यायची, आणि परत जाताना एकच उत्तर न नेता, कशाला किती खर्च येईल यासह दोन-तीन पर्याय न्यायचे. ते रोजच्या कामात कसं जमवायचं, ते क्रमाने सांगतो.

पीएमचं काम काय, ते आधी समजून घ्या

सर्व्हिस कंपनीतून आलेल्या इंजिनिअरच्या डोक्यात पीएम म्हणजे क्लायंट आणि टीम यांच्यामध्ये बसून तारखा सांभाळणारे कुणीतरी असतात. प्रॉडक्ट कंपनीतले पीएम वेगळे. आपण बनवतोय ते कुणाला हवंय, तो त्याचे पैसे देईल का, आधी काय करायचं आणि काय सोडून द्यायचं, ही जबाबदारी त्यांची. या कामाची मुळं सॉफ्टवेअरच्या कितीतरी आधीची आहेत. प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीत कॅमे साबणाची जाहिरात सांभाळणाऱ्या नील मॅकएलरॉय यांनी १९३१ मध्ये कंपनीला एक टिपण लिहिलं. प्रत्येक ब्रँडमागे एक माणूस असावा, त्याने माल कुठे खपतो आणि कुठे अडतो हे बाजारात जाऊन बघावं आणि त्यावर उपाय काढावा, असं त्यात मांडलं होतं. तुमच्या पीएमचं काम आजही साधारण तेच आहे.

म्हणजे पीएम तुमचे साहेब नसतात. बहुतेक ठिकाणी तुमचं अप्रेझलही ते करत नाहीत. हुकूम सोडायचा अधिकार नाही, पण प्रॉडक्ट चाललं नाही तर मालक, विक्रीवाले आणि ग्राहक तिघंही त्यांनाच विचारतात. हे ध्यानात घेतलं की त्यांच्या घाईचा अर्थ लागायला लागतो.

नवीन पीएम आले की पहिल्या आठवड्यातच त्यांच्याकडून अर्धा तास मागून घ्या. या तिमाहीत तुमच्याकडून कोणता आकडा वाढण्याची अपेक्षा आहे? सध्या सगळ्यात जास्त कोणता ग्राहक वैतागलाय? मी अडलो तर फोन करू की मेसेज टाकू? आणि कोणते निर्णय मी तुम्हाला न विचारता घेतले तर चालतील? शेवटचा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, आणि त्याचाच फायदा सगळ्यात जास्त होतो. एरर मेसेजमधले शब्द, यादीचा क्रम, तारीख दाखवायची पद्धत अशा बारीकसारीक गोष्टी तुमच्यावर सोपवल्यात हे एकदा ठरलं, की दिवसभराची विचारणा निम्म्याने कमी होते.

टिकट आलं की कोड उघडण्याआधी

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून इथे थोडा वेळ देतो.

समजा तुमची कंपनी टॉवेल कारखानदारांसाठी ऑर्डर सांभाळणारं ॲप बनवते. टिकट, म्हणजे कामाची लेखी नोंद, येतं: "ऑर्डरच्या यादीवर एक्सेल डाउनलोडचं बटण द्या. दोन दिवस." काम सोपं, त्यासाठीचा कोड लायब्ररीत तयार, लगेच करून मोकळं व्हावंसं वाटतं. त्याआधी पीएमना एवढंच विचारा, की ही एक्सेल उतरवून घेतल्यावर तो माणूस पुढे काय करणार आहे?

पुष्कळदा हे पीएमनाही पुरतं माहीत नसतं, कारण ग्राहकाने "एक्सेल द्या" एवढंच सांगितलेलं असतं. मग फोन होतो, आणि कळतं की कारखान्याच्या ऑफिसात अकाउंट बघणारे काका ती यादी समोर ठेवून एकेक ऑर्डर टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा हाताने भरतात. व्यापाऱ्याने ऑर्डर दिली डझनात, बिल करायचं नगावर, आणि सुताचा हिशेब किलोत, म्हणून शेजारी कॅल्क्युलेटर. तीस बाय साठचा पांढरा टॉवेल आणि त्याच मापाचा रंगीत टॉवेल यांचे कोड वेगळे. तिथे हात चुकला की भलताच माल गाडीत चढतो. काकांना त्रास होता तो तेच तेच दोनदा भरण्याचा. टॅलीत एक्सएमएल फाइल थेट आयात करता येते. मग बटण एक्सेलचं देण्यापेक्षा त्या फाइलचं दिलं तर? काम दोनाचं पाच दिवसांवर जाईल, पण काकांचं भरणं थांबेल, आणि "आता हाही कॉलम टाका, तोही टाका" अशी मागून येणारी टिकटं येणारच नाहीत.

विचारण्याचा सूर मात्र सांभाळा. "हे कशाला हवंय?" असं विचारलं की समोरच्याला उलटतपासणी वाटते. त्याऐवजी असं:

"मॅडम, करतो. फक्त एक सांगा, ही फाइल ते पुढे कुठे वापरतात? त्यावरून कॉलम ठरवतो."

"अरे, ते मी विचारलंच नाही. दुपारी फोन करते त्यांना."

"मीही येऊ का कॉलवर? टॅलीचं काही निघालं तर लगेच सांगता येईल."

काम थांबवलेलं नाही, शंका घेतलेली नाही, आणि ग्राहकाच्या कॉलवर तुमची जागाही झाली.

उत्तर मिळालं की ते टिकटमध्ये लिहून टाका, पीएमनी लिहायची वाट बघू नका. कोणासाठी आहे, ते सध्या हे काम कसं उरकतात, झालं हे कशावरून समजायचं, आणि यात काय येत नाही. शेवटची ओळ न चुकता लिहा. उदाहरणार्थ: "या टप्प्यात फक्त नवीन ऑर्डर. रद्द झालेल्या आणि अर्धा माल गेलेल्या ऑर्डर टॅलीत जाणार नाहीत." डेमोच्या वेळी होणारी बरीच भांडणं ही ओळ नसल्यामुळे होतात. लिहून झालं की पीएमना टॅग करा आणि "बरोबर समजलोय ना?" एवढंच विचारा.

एज केस, म्हणजे क्वचित येणाऱ्या अडनिड्या परिस्थितीही अशाच पद्धतीने पुढे ठेवा. "अर्धा माल गेला तर काय?" असा मोकळा प्रश्न टाकला तर उत्तर यायला दोन दिवस लागतात. "अर्धा माल गेला तर ऑर्डर उघडी ठेवायची, की उरलेल्या मालाची नवीन ऑर्डर करायची? मला पहिलं सोपं पडतं, पण व्यापाऱ्याला दुसरं समजायला बरं" असं विचारलं तर तासाभरात निर्णय होतो.

ग्राहकाच्या जागेवर जाऊन बघा

सोलापुरात राहण्याचा हा मोठा फायदा आहे. पुण्या-मुंबईतल्या इंजिनिअरला ज्यांचे फक्त स्क्रीनशॉट दिसतात, ते ग्राहक तुम्हाला अक्कलकोट रोड एमआयडीसीत नाहीतर चिंचोळीत भेटतात.

यंत्रमागाच्या एका शेडमध्ये मी पाहिलेली गोष्ट सांगतो. सुपरवायझरच्या खिशात फोन होता, पण प्लास्टिकच्या पिशवीत, कारण शेडमध्ये कापसाची तूस सतत उडत असते. पिशवीवरून बोट नीट चालत नाही, म्हणून शेडमध्ये असेपर्यंत फोन बाहेर निघायचाच नाही. मागांच्या खडखडाटात नोटिफिकेशनचा आवाज ऐकू येणं शक्यच नव्हतं. दिवसभरातलं उत्पादन तो छोट्या डायरीत पेन्सिलीने टिपत होता, आणि पाळी संपल्यावर बाहेर पायरीवर बसून सगळे आकडे एकदम फोनमध्ये भरत होता. ॲपमध्ये मात्र एकेक माग उघडून, आकडा भरून, सेव्ह करून मागे यावं लागत होतं. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की सगळे माग एकाच स्क्रीनवर, एकाखाली एक, फक्त आकडे भरायचे, हे डिझाइन कुणी सांगायची गरज राहत नाही.

भाषेचंही तसंच. पूर्व भागात घराघरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड चालते, कामावर मराठी-हिंदीची सरमिसळ. ॲप मराठीत केलं की झालं, असं ऑफिसात बसून वाटतं. जागेवर गेल्यावर कळतं की मजकूर कमी आणि आकडे मोठे ठेवले तर सगळ्यांचीच सोय होते.

जाण्याआधी पीएमना सांगा, शक्य असेल तर सोबत न्या. ते बेंगळुरूत असतील तर त्यांच्या परवानगीने जा आणि त्यांचे दोन-तीन प्रश्न घेऊन जा. तिथे एक पथ्य कडक पाळा: ग्राहकाने काही मागितलं तर "सांगतो ऑफिसात" एवढंच म्हणायचं. "होऊन जाईल, काका" हा शब्द तुम्ही दिला की तो निभावण्याची वेळ पीएमवर येते, आणि त्यांचा तुमच्यावरचा विश्वास तिथेच कमी होतो. काय पाहिलं ते त्याच दिवशी, विसरायच्या आत, फोटोंसकट पाठवा. फोटो काढायचा तर आधी विचारून.

पर्याय आणि त्यांची किंमत

पीएम काही अवघड मागतात तेव्हा इंजिनिअरकडून दोनच उत्तरं निघतात. एक "होणार नाही" आणि दुसरं, वाद नको म्हणून, "बघतो, होऊन जाईल." दोन्हींनी नुकसान होतं. पहिल्याने पीएम पुढच्या वेळी विचारायलाच येत नाहीत, दुसऱ्याने तारीख चुकते.

समजा मागणी आली: मालकाला घरी बसून प्रत्येक मागाचं उत्पादन मोबाइलवर लाइव्ह दिसलं पाहिजे. तुम्ही लिहून पाठवा. पहिला पर्याय, सुपरवायझरने दर दोन तासांनी आकडे भरायचे. आठवड्याभराचं काम, हार्डवेअर नाही, पण लाइव्ह म्हणता येणार नाही आणि आकडे माणसावर अवलंबून. दुसरा, प्रत्येक मागावर सेन्सर. दोन-अडीच महिने, मशीनमागे खर्च, वीज गेल्यावर काय करायचं याचा वेगळा विचार, आणि बिघडलेला सेन्सर बदलायला माणूस लागणार, तो कायमचा. तिसरा, एकाच कारखान्यात मोजक्या मागांवर सेन्सर लावून महिनाभर बघायचं. शेवटी तुमचं मत आणि कारण: मी तिसरा सुचवतो, कारण मालक ते रोज बघतील की चार दिवस कौतुकाने बघून सोडून देतील, हे अजून आपल्याला कळलेलं नाही.

यातली प्रत्येक ओळ पीएमना विक्रीवाल्यांपुढे आणि मालकांपुढे जशीच्या तशी वापरता येते. ग्राहकाशी किती ताणायचं, कोणता पर्याय घ्यायचा, हे त्यांनी ठरवायचं. बांधकामाचा खर्च आणि नंतरचा देखभालीचा खर्च त्यांना स्पष्ट दिसेल, हे तुम्ही बघायचं. देखभालीचा खर्च सांगायचा राहतोच, म्हणून तो आधी लिहा.

तारीख कुठून आली, ते विचारा

सगळ्या तारखा सारख्या नसतात. काही कायद्याने येतात. वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर असलेल्या व्यवसायांना १ ऑगस्ट २०२३ पासून व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांमधल्या बिलांसाठी ई-इनव्हॉइस सक्तीचं झालं. अशी तारीख कुणाच्या बापाला हलवता येत नाही. काही हंगामाने येतात. साखर कारखान्याचं गाळप सुरू झाल्यावर वजनकाट्याच्या सॉफ्टवेअरला कुणी हात लावू देत नाही, आणि पंढरपूरच्या लॉजचं बुकिंग ॲप आषाढीनंतर तयार होऊन उपयोग नाही. उरलेल्या तारखा मीटिंगमध्ये कुणीतरी बोलून गेलेलं असतं. पीएमना सरळ विचारा: ही तारीख चुकली तर नेमकं काय होईल? उत्तरावरून ती कोणत्या जातीची आहे ते कळतं.

तारीख पक्की असेल तर काम कापायचं, आणि ते दोघांनी मिळून कापायचं, कारण कोणता तुकडा गळला तर चालेल हे एकट्याला कळत नाही. ई-इनव्हॉइसचंच घ्या. बिल सरकारी पोर्टलवर नोंदवून आयआरएन (बिलाचा नोंदणी क्रमांक) मिळवणं आणि सही केलेला क्यूआर कोड बिलावर छापणं, हे सोडता येत नाही. एकदम शंभर बिलं पाठवण्याची सोय पुढच्या महिन्यात चालेल. आयआरएन रद्द करायचं तर पोर्टलवर २४ तासांतच करावं लागतं, पण सुरुवातीचे काही आठवडे ते पोर्टलवर जाऊन हाताने करता येईल. यातली कायद्याची बाजू पीएम सीएला विचारून पक्की करतात, आणि कोणता तुकडा वेगळा काढणं सोपं आहे ते तुम्ही सांगता.

अंदाज देताना एकच आकडा देऊ नका. "सहा ते दहा दिवस. पोर्टलची चाचणीची लॉगिनं सोमवारपर्यंत मिळाली तर सहा" असं सांगा. मुळीच माहिती नसलेल्या कामाचा अंदाज मागितला तर आधी दोन दिवस शोधायला मागा आणि त्यानंतर आकडा द्या. आणि मागे पडतोय असं लक्षात आलं, की त्याच दिवशी सांगा. बुधवारी सांगितलं तर पीएम ग्राहकाशी बोलून वाट काढू शकतात. शुक्रवारी संध्याकाळी सांगितलं तर त्यांच्या हातात माफी मागण्यापलीकडे काही उरत नाही.

स्प्रिंटच्या (ठरलेल्या काही आठवड्यांच्या कामाच्या टप्प्याच्या) मध्येच नवीन काम आलं तर चिडू नका, नाहीही म्हणू नका. "घेतो. मग यातलं कोणतं बाहेर काढू?" असं टिकटांच्या बोर्डकडे बोट दाखवून विचारा.

टेक डेट पीएमला पटवायचं कसं

टेक डेट म्हणजे तांत्रिक कर्ज, घाईत लिहिलेल्या कोडची नंतर चुकवावी लागणारी किंमत. ही कल्पना प्रोग्रॅमर वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९२ मध्ये मांडली, तीच मुळी पैशाचा विचार करणाऱ्यांना सॉफ्टवेअर समजावून सांगण्यासाठी. आपण मात्र पीएमपुढे जाऊन "कोड घाण झालाय, रिफॅक्टर करायचाय, दोन आठवडे द्या" म्हणतो. त्यातून त्यांना काय मिळणार, ते आपण सांगतच नाही.

२२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, १२ टक्क्यांचा टप्पा निघून बहुतेक वस्तू ५ आणि १८ वर आल्या. ज्या सॉफ्टवेअरमध्ये दर कोडमध्येच ठिकठिकाणी लिहून ठेवले होते, त्यांच्या टीमची काय गत झाली असेल ते वेगळं सांगायला नको. आणि नुसता आकडा बदलून भागत नाही. जुन्या बिलाचा माल परत आला तर क्रेडिट नोट जुन्याच दराने काढावी लागते, म्हणजे प्रत्येक दराला "कधीपासून कधीपर्यंत" जोडलेलं हवं. हे पीएमना असं सांगा: "दर वेगळ्या टेबलमध्ये तारखेसह ठेवायला सहा दिवस लागतील. त्यानंतर सरकारने दर बदलला तर आपलं काम तासाभराचं, आणि ग्राहकाला चुकीचं बिल जायची भीती राहणार नाही." सहा दिवस लगेच मिळतील असं नाही, पण ते रोडमॅपवर, म्हणजे पुढच्या कामांच्या आराखड्यात, येतील. दर स्प्रिंटमध्ये थोडी जागा अशा कामासाठी राखून ठेवायचं पीएमशी एकदाच ठरवून टाका.

पीएम बेंगळुरूत, तुम्ही सोलापुरात

लांबून काम करताना तोंडी ठरलेलं हवेत विरतं. कॉल संपला की पाच मिनिटांत तीन-चार ओळी लिहून पाठवा: काय ठरलं, कोण करणार, काय ठरायचं राहिलं. वाक्यरचना साधी असली तरी चालते. कॉलवर इंग्रजी अडखळत असेल तर मुद्दे आदल्या रात्री लिहून टीमच्या चॅट चॅनेलवर टाका, म्हणजे मीटिंगमध्ये चर्चा तुमच्या मुद्द्यांवरच होते. आपल्याकडची हुशार मुलं कॉलवर गप्प बसतात आणि नंतर वेगळं काम त्यांच्या गळ्यात पडतं, हे मी फार वेळा पाहिलंय.

तुमच्याकडची परिस्थितीही त्यांना आधी सांगून ठेवा. संक्रांतीला सिद्धरामेश्वरांची यात्रा असते, गावात त्या दिवसांत कामाला सुट्टी असते, हे बेंगळुरूत कुणाला ठाऊक नसतं. डिसेंबरमध्येच सांगितलं तर त्या आठवड्यात रिलीज ठेवत नाहीत. कंपनी पुण्यात असेल तर तिमाहीचं प्लॅनिंग समोर बसून करा. हुतात्मा एक्सप्रेस आहे, वंदे भारत आहे, एका दिवसात जाऊन येता येतं. एकदा समोरासमोर बसून काम झालं की पुढच्या तीन महिन्यांचे मेसेज वेगळ्या सुरात येतात.

पटलं नाही तर

काय करायचं आणि कोणत्या क्रमाने, हा शब्द पीएमचा. कसं करायचं, हा तुमचा. पहिल्या बाबतीत तुम्हाला पटलं नाही तर कारण आणि धोका लिहून सांगा, एकदा, स्पष्टपणे. तरी निर्णय तोच राहिला तर मन लावून ते काम करा. बाकीच्या टीमपुढे "मी आधीच म्हटलं होतं" असं म्हणत फिरू नका.

काही बाबतीत मात्र मागे हटू नका. ग्राहकाचे पैसे चुकीचे मोजले जाणार असतील, डेटा जाण्याचा धोका असेल, लोकांची खासगी माहिती विचारल्याशिवाय तिसऱ्याला द्यायची असेल, तर "हे मी असं सोडू शकत नाही" म्हणायचं आणि टेक लीडना सामील करून घ्यायचं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यामुळे शेवटची गोष्ट कंपनीलाही महागात पडू शकते, आणि हे पीएमना सांगणं त्यांच्याच भल्याचं आहे.

रिलीज झाल्यावर

फीचर गेलं की टिकट बंद आणि पुढचं सुरू, अशी सवय असते. तीन-चार आठवड्यांनी पीएमना विचारा, की लोक ते वापरतायत का. टॅलीची फाइल किती कारखाने रोज उतरवतात, कुठे एरर येतो, सपोर्टला त्यावर किती फोन आले. मोजायची सोय कोड लिहितानाच करून ठेवली तर हे पाच मिनिटांत कळतं, म्हणून ती टिकटच्या "झालं हे कशावरून समजायचं" या ओळीतच घाला. कुणीच वापरत नसेल तर ज्यांनी मागितलं होतं त्या काकांना फोन लावा आणि कुठे अडलं ते ऐका. दुरुस्त होण्यासारखं असेल तर दुरुस्त करा, नसेल तर काढून टाकण्याचं टिकट पीएमसोबत बसून त्याच दिवशी लिहा.